जुन्या घाटाची रेती

काळी माती हावरट असते, असं धोंडबा मारबते म्हणे. पाणी भेटलं का पेतच राहते, पोट फुगवून बसते, अन् उन्हं लागले का भेगा पाडून बोंबलते. केळीचं वेगळंच. केळीले पाणी रोज पाहिजे, पण पाय ओले ठेवलेले तिले खपत नाही. पाणी यावं अन् निंगून जावं. काळ्या मातीत ते होत नाही. म्हणून मधात रेती घालाची.

"रेती म्हंजे घरातली म्हातारी समज," तो मले सांगे. "काही कमावत नाही, काही खात नाही. पन मधात बसून असली का घरातल्याईले श्वास घेता येते."

"अन् भांडनं?"

"भांडनं तं होतातच गा. पन गुदमरून कोनी मरत नाही."

नागपूरच्या दिघोरीपुढं, उमरेड रोडले लागून, विश्वनाथभाऊची नर्सरी आहे. धोंडबा तिथं पिशव्या भराच्या कामावर. केळीचे रोपं लॅबमधून येतात, बोटाएवढे, ट्रेमध्ये दाटीवाटीनं उभे, बाटलीत वाढलेले, उन्हाची ओळख नसलेले. त्याईले काळ्या पिशवीत बसवाचं, हिरव्या जाळीखाली ठेवाचं, अन् बाहेरच्या हवेच्या लायक कराचं. पिशवीतली माती धोंडबाच्या हातची. दोन घमेले काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं रेती, वरून निंबोळीच्या ढेपीची मूठ. सारं फावड्यानं पालथं करे, मग मूठभर माल हातात घेऊन दाबे अन् मूठ उघडे. गोळा झाला अन् बोट लावल्यावर फुटला तं ठीक. फुटला नाही तं आणखी रेती. गोळा झालाच नाही तं रेती जास्त झाली. एवढंच त्याचं शास्त्र, अन् तेही तो नदीवर उलटं शिकला होता.

कुही तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, आमचं जांभूळपार होतं. होतं म्हणजे आताही आहे, पाण्याखाली. तिथं मारबत्याईची डांगरवाडी असे. दिवाळीनंतर नदी मागं सरली का रेती उघडी पडे, अन् त्याईचं सारं घर नदीत उतरे. रेतीत खड्डे काढाचे, खाली ओल लागली का थांबाचं, खड्ड्यात शेणखताची ओंजळ टाकाची, त्यात बी. डांगर, टरबूज, काकडी. सातबारा नाही, मालक नाही. पाऊस आला का वाडी नदीची. तिथं तो रेतीत खत घाले, इथं मातीत रेती घालते. घमेलं तेच.

मग धरण झालं. ती गोष्ट साऱ्याईले माहीत आहे, मी त्याच्यात शिरत नाही.

गाव उठलं तेव्हा लोकाईनं दारं नेली, सागाचे लाकडं नेले, छपराचे कवेलू नेले, देव नेले. धोंडबाची बायको रंभाबाई, तिनं केळीचा कंद नेला. त्याईच्या मोरीच्या पाण्यावर एक केळ उभी होती. देशी, बुटक्या घडाची, सालीवर काळे ठिपके. रंभाबाईनं तिच्या बुडाशी पहारीनं खोदलं, तलवारीच्या पात्यासारखं एक पिल्लू कंदासकट काढलं, पोत्यात गुंडाळलं अन् मांडीवर घेऊन ट्रकात बसली.

बाया हासल्या. "काहून वं रंभे, बाळंतीन झाली का?"

"हाव, लेक झाली," रंभाबाई म्हणे. "बारशाले येजा. पानावर जेवाले घालीन."

तिचा हिशोब अखजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा होता. आमच्याकडं अखजीले पितराईचं जेवण असते. मातीची घागर भराची, पानावर वाढाचं, विस्तवावर घास टाकाचा, अन् पितर जेवल्याशिवाय घरातल्या कोणी तोंडाले घास लावाचा नाही. बाकीचे लोक पळसाच्या पानावर वाढत. मारबत्याईच्या घरी मोरीवरच्या केळीच्या पानावर. तेच पान, पिढ्यान् पिढ्या. केळ एकदा घड देते अन् मरते, पण बुडाशी पिल्लू उभं राहते, म्हणजे केळ तीच.

"पितराईले नव्या गावाचा रस्ता कोन दाखवन?" ती धोंडबाले विचारे.

"सरकारनं पाटी लावली हाये ना."

"तुमच्या मायले वाचता येत होतं का?" रंभाबाई सोडाची नाही. "थे पान ओळखतीन. ज्या पानावर जलमभर जेवले थे दिसलं, तं घर आपलंच. दुसरं पान मांडलं, तं परक्याचं घर समजून वापस जातीन."

धोंडबाचा याच्यावर विश्वास होता का नव्हता, त्यालेच माहीत. पण नव्या वस्तीतले प्लाट चिकट काळ्या रानात आखले होते, अन् पहिल्याच पावसाळ्यात ते पिल्लू पिवळं पडलं, तेव्हा नदी उतरताच त्यानं बैलबंडी जुपली. धरणाचं पाणी तेव्हा घाटापर्यंत चढलं नव्हतं. आपल्या डांगरवाडीच्या जागेतून त्यानं बंडीभर रेती आणली, परसात खड्डा काढून मातीत कालवली, अन् केळ त्यात बसवली. केळ लागली. तिची पिल्लं, पिल्लाईची पिल्लं, परसात रान माजलं.

तेव्हापासून धोंडबाची एक टेप सुरू झाली. "माह्या घाटाची रेती हाये थे. मेलेलं जगवलं तिनं." खरं सांगाचं तं कोणतीही स्वच्छ रेती असती तरी केळ लागली असती. पण हे त्याले कोण सांगन, अन् सांगून काय भेटन?

रंभाबाई मागच्या श्रावणात गेली. ताप आला, कुहीले नेलं, नागपूरले नेलं, वापस आणलं. मरतानी काही बोलली नाही, बोलाच्या हालतीत नव्हती. पण साऱ्या घराले माहीत होतं का यंदाच्या अखजीले पहिल्यांदा तिच्या नावानं पान वाढावं लागते. इतके वर्ष दुसऱ्याईसाठी जपलेलं पान, आता तिचं.

माघात वस्तीत नालीचं काम निंघालं. धोंडबा नर्सरीत होता. त्याच्या सुनेचा, कामिनीचा, फोन आला. "मामाजी, लवकर या. जेसीबी परसात घुसली."

तो एसटीनं उतरेपर्यंत केळीचं रान उलटं पडलं होतं. कामिनी मशीनच्या पुढं हात पसरून उभी, डोक्यावरचा पदर खांद्यावर.

"थांब ना रे मुडद्या, दोन मिनिटानं काय तुही नाली वाळून जाते का?"

ड्रायव्हर म्हणे, "बाई, मले वरतून सांगतलं तेवढं मी खोदतो."

"वरतून पानी बी पडते. म्हनून काय नागडा हिंडते का तू?"

एवढ्यात धोंडबानं कंद एक-एक करून तपासले. कोयत्यानं कापे अन् फेकून दे. भुंग्यानं आतून पोखरलेले, सारे. म्हणजे नाली आली नसती तरी दोन-तीन वर्षात केळ गेलीच असती, कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एकाच पिल्लाचा कंद आतून पांढरा निंघाला. हातभर उंच, पानं अरुंद, पात्यासारखे. त्याच्या पानावर तं एक पुरी बसली नसती.

"अखजीपर्यंत पान रुंद होईन का, मामाजी?" कामिनीनं विचारलं.

"चांगला माल भेटला तं होईन."

नाली होईपर्यंत परसात जागा नव्हती. म्हणून पिल्लू नर्सरीत आलं. विश्वनाथभाऊनं निळ्या प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून देल्ला, बुडाशी भोकं पाडून देल्ली. विश्वनाथ माणूस खराब नाही. पैशाच्या बाबतीत घट्ट, तोंडाचा मोकळा.

"चुरी घाल गा त्याच्यात, ढीग पडला हाये," तो म्हणे.

चुरी म्हणजे क्रशरवर गोटा फोडून केलेली रेती. नदीची रेती भेटेनाशी झाली, चोरीच्या टिप्परच्या भानगडीत विश्वनाथ पडत नव्हता. म्हणून दोन वर्षापासून नर्सरीत धुतलेली चुरीच वापरत होते. धोंडबा रोज नाक मुरडून तीच चुरी कालवे, अन् केळी वाढतही होत्या. ते त्याच्या डोळ्याले दिसत होतं. पण घरच्या केळीचं नाव निंघताच गडी अडला.

"चुरीले नदी माहीत नाही," तो म्हणे. "या केळीले माह्या घाटाची रेती पाहिजे. मांगंही तिनंच जगवलं."

"घाट पान्यात हाये ना बे," विश्वनाथ म्हणे.

"माघापासून पानी सरकते. वाडीची जागा उघडी पडते, मी आयकलं हाये."

मोटरसायकल माही होती, म्हणून मी गेलो. कुहीच्या पुढं, जुन्या गावाच्या वाटेनं. वाट अर्ध्यात संपते, मग बेशरमाच्या झुडपाचं रान, मग भेगाळलेला गाळ. पाणी लांब मागं सरकलं होतं. धोंडबानं चपला काढल्या. का काढल्या मले समजलं नाही. एका बाभळीच्या खुंटापासून पावलं टाकत तो गेला अन् एका जागी उभा राहिला. "इथं. इथं माह्या टरबुजाची ओळ होती."

वर वीतभर राखट गाळ होता. तो खरवडला तेव्हा खाली रेती लागली. माह्या डोळ्यापुढं जुनी नदीची रेती होती, तेल लावल्यासारखी पिवळी, चकाकणारी. ही शिळ्या भातासारखी होती. फावड्याले चिकटे. अन् वास.

"धोंडबा, नालीचा वास येते गा."

"पान्यातून काढलेल्या मासोळीलेही वास येते. म्हनून फेकून देते का कोनी?"

नदीत आता नुसती नदी राहिली नाही, नागपूर शहरातून निंघालेलं पाणी वाहत-वाहत याच धरणात येऊन थांबते, हे त्यालेही माहीत होतं. नागपूरच्या बंगल्याईत धोंडबानं भरलेल्या पिशव्याईतल्या केळी लागतात, अन् त्या बंगल्याईतलं मोरीचं पाणी धोंडबाच्या घाटावर येते. हे तोच एकदा हासून बोलला होता. त्या दिवशी मात्र त्यानं दोन पोते भरले, गाडीवर बांधले, अन् मागं बसून एका हातानं पोतं धरून राहिला.

नर्सरीत त्यानं रेती बोअरच्या पाण्यानं धुतली. काळं पाणी निंघे. आणखी धुतली. पाणी थोडंसं उजळ झालं. ताडपत्रीवर पसरून वाळवली. वाळल्यावर वास कमी झाला, तसा तो खूश.

विश्वनाथनं चिमूट घेऊन बोटात चोळली. "धूळच हाये हे. रेती कमी, गाळ जास्त."

"तू चुरीवाला. तुले काय समजते?"

"मले नाही समजत बापा," विश्वनाथ म्हणे. "मी फक्त पाहून राहिलो."

धोंडबानं माल कालवला. दोन, एक, एक, ढेपीची मूठ. मूठ दाबली, उघडली. गोळा फुटाले जरा वेळ लागला. मी पाहत होतो. तो आणखी एकदा दाबून पाहीन असं मले वाटलं, पण त्यानं हात झटकला अन् पिल्लू ड्रममध्ये बसवलं.

फाल्गुन चांगला गेला. पिल्लानं नवीन सुरळी सोडली, सुरळी उकलली, पान दोन पंजे पसरल्याएवढं रुंद निंघालं. धोंडबानं तिथूनच कामिनीले फोन लावला. "पान धरलं वं! याच्यानंतरचं याहून मोठं येते. बुढीले ऐसपैस जेवता येईन." त्याले मी इतका मोकळा बोलतानी रंभाबाई गेल्यापासून आयकला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाले तो ड्रम दाखवे. सदरहून एक मॅडम कुंड्या घ्याले आल्या होत्या, त्यानं त्याईलेही दाखवला. त्या म्हणे, "छान आहे, किती हाइट होते हिची?" तो म्हणे, "हाइट नाही जी, हे जेवाची हाये."

गुढीपाडव्यानंतर पानाची कड पिवळी पडली.

पहिले त्याले वाटलं ऊन लागलं. जाळीखाली सरकवलं. मग वाटलं पाणी कमी पडलं. पाणी वाढवलं. कड आत-आत सरकली, पान मधातून मोडून लोंबलं. मग त्यानं पाणी बंद केलं. वरची माती वाळून खडखडीत झाली, पण झाड मान टाकूनच. नवीन सुरळी अर्धी वर येऊन थांबली होती. एका दुपारी त्यानं ती दोन बोटात धरून हलकीच ओढली, अन् ती हातात आली. बुडाशी काळी, चिकट. वास तोच, घाटावरचा.

त्यानं ड्रम आडवा केला. वरचा माल भुसभुशीत निंघाला, अन् बुडाशी भाकरीएवढा जाड काळा थर, वाटीतल्या खरवसासारखा घट्ट. पाण्यासंगं बारीक गाळ खाली-खाली उतरला होता अन् त्यानं सारे भोकं सारवून टाकले होते. वर दुष्काळ, खाली तळं. कंद त्या तळ्यात सडला. रेती घातली होती पाणी निंगून जावं म्हणून. त्याच रेतीनं दार लावून घेतलं.

त्यानं कोयत्यानं कंद कापला. कुठं पांढरं राहिलं का पाहे. चकत्या करत-करत शेवटी हातात काही राहिलं नाही.

विश्वनाथ मागं उभा होता. तो म्हणे, "अखजीले आपल्या इथून पान ने ना गा. मोठाले हायेत. जेवढे पाहिजे तेवढे ने."

"तुह्या केळीले माय नाही," धोंडबा म्हणे. "बाटलीत जलमल्या साऱ्या."

"अन् तुह्या केळीले माय होती, तं काय उजेड पडला?"

बोलून गेल्यावर विश्वनाथले वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. धोंडबाले राग आला नाही. त्यानं ड्रम धुतला अन् पालथा घालून ठेवला.

अखजीच्या दिवशी कामिनीनं सकाळपासून रांधलं. वडे, शेवयाची खीर, चिंचवणी, पुऱ्या. नवी घागर भरून ठेवली. धोंडबाचा पोरगा पिंटू कंपनीच्या ड्युटीवर होता. कामिनीनं पळसाचे पानं आणून, पुसून, शिवून ठेवले होते, अन् ते सासऱ्याले दिसू नये म्हणून सुपाखाली झाकले होते. त्याले दिसलेच.

"मामाजी, आता हेच हाये. मायले मी समजावून सांगीन."

"तू काय समजावतं? जित्तेपनी तिले कोनी समजावू शकलं का?" तो म्हणे. "डबा भरून दे. पान तिथंच होतं, तं मानूस बी तिथंच असन. तिच्या दारात नेऊन वाढतो."

डबा भरला. मी गाडी काढली. वाटभर तो डबा पोटाशी धरून बसला.

पाणी आणखी मागं गेलं होतं. आमच्या जुन्या देवळाचा ओटा उघडा पडला होता, गाळानं लिंपलेला. मारबत्याईच्या घराची जागा ओट्याच्या पलीकडं. तिथं जाले आम्ही घाटाच्या बाजूनं वळलो, अन् माघात आम्हीच खोदलेला खड्डा लागला. तो भरला होता. पाणी नव्हतं ते, काजळ होतं. वर तेलाचा तवंग, अन् मधातच खालून बुडबुडा येऊन फुटे. आजूबाजूले प्लास्टिक, औषधाच्या बाटल्या, कोणाच्या तरी पायातली लहान चप्पल. नागपूरची.

धोंडबा खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. डबा हातात. पुढं जाईन असं मले वाटलं. विस्तवासाठी मी गवऱ्या अन् माचिस आणली होती. त्यानं घराच्या जागेकडं पाहिलं, मग त्या बुडबुड्याकडं.

"तिले हे काहून दाखवाचं?" तो म्हणे.

मी माचिस खिशात टाकली.

तो वापस फिरला. बेशरमाच्या रानाबाहेर, जिथं डांबरी सुरू होते, तिथं एक पूल आहे. त्याच्या कठड्यावर बसला, डबा उघडला, अन् पुरीचा तुकडा मोडला. मले वाटलं घास बाजूले ठेवन. त्यानं तो चिंचवणीत बुडवला अन् स्वतःच्या तोंडात टाकला.

"धोंडबा," मी म्हटलं, "पितराचा घास?"

"कोनाले?"

तो चावत राहिला. सकाळपासून उपाशी होता, भूक लागलेल्या माणसासारखंच खाल्लं त्यानं, बोटं चाटून. मग एक वडा माह्यापुढं धरला.

"घे. उन्हात खराब होऊन राहिले."

मी घेतला. वडे चांगले झाले होते. कामिनीचा हात सासूच्या हातावर गेला आहे.

घरी आलो तं कामिनीनं डब्याकडं पाहिलं. रिकामा, पुसलेला. ती खूश झाली. "जेवली का माय?"

धोंडबा हातपाय धुवाले गेला होता, त्याले आयकू गेलं का नाही, ठाऊक नाही. मी मान हालवली, कशी हालवली ते मलेही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी माहं दिघोरीकडं काम होतं, म्हणून नर्सरीत डोकावलो. लॅबची नवीन गाडी आली होती, केळीचे ट्रे सावलीत लावून ठेवले होते. धोंडबा ढिगापाशी उभा. दोन घमेले माती, एक शेणखत. चुरीच्या ढिगात फावडं घातलं, एक घमेलं टाकलं, ढेपीची मूठ टाकली. पालथं केलं. पालथा घातलेला निळा ड्रम त्यानं उचलून सरळ केला अन् त्यातही तोच माल ओतला, विश्वनाथनं सांगतलं होतं म्हणून.

"कसं काय गा?" मी म्हटलं.

"चालू हाये," तो म्हणे, अन् पिशव्या भराले बसला. मूठ दाबून त्यानं पाहिलं नाही.